सहा-तीनचा डोस

माझी धाकटी बहीण सतराव्या वर्षी जग जिंकून आली आणि अठराव्या वर्षी पहिल्याच फेरीत हरायला लागली. घरात आम्ही तिला बारकी म्हणतो. उंची पाच फूट अकरा इंच, दारातून आत येताना मान जराशी झुकवते, पण नाव एकदा पडलं ते पडलं. पेपरवाल्यांनी तिला वेगळं नाव दिलं होतं, 'वादळ'. अकराव्यांदा पहिल्या फेरीत हरून ती घरी आली, त्या दिवशी एका पेपरात मथळा होता, 'वादळ कसलं, झुळूक'. ते कात्रण मी जपून ठेवलंय. जिंकल्याची कात्रणं बाबा ठेवतात, हरल्याची मी ठेवते. आमच्या घरात कामाची वाटणी पहिल्यापासून चोख आहे.

ती मोठी स्पर्धा जिंकली तेव्हा तिला कुणी ओळखत नव्हतं. चौदा दिवसांत सात मॅच, आणि समोरच्या सातही जणी तिच्याहून नावाजलेल्या. मग सहा महिने आमच्या फोनला उसंत नव्हती. शाम्पूच्या बाटलीवर तिचा चेहरा आला, बसच्या पाठीवर आला. आई पडदे शिवते. पडद्यांची मापं द्यायला येणाऱ्या बायका मापं द्यायच्या आधी बारकीची खोली बघायला मागायच्या. आई दाखवायची. खोलीत बघण्यासारखं काही नव्हतं, मोजे होते.

मग इतर मुलींनी बसून तिच्या मॅचचे व्हिडिओ बघितले. उंच उडणारा चेंडू बॅकहँडला टाकला की हे वादळ दोन पावलं मागे सरतं, हे एकीला कळलं आणि आठवड्याभरात सगळ्यांना कळलं. बारकी पहिल्या फेरीत हरली. पुन्हा हरली. तिसऱ्यांदा हरली तेव्हा शाम्पूवाल्यांनी बाटलीवर एक फूल छापलं.

आता खरं तर कुणीतरी तिचा बॅकहँड दुरुस्त करायचा. पण आमच्या बाबांनी निदान वेगळं केलं. बाबा वीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभे होते. टेनिस त्यांनी स्वतः कधी खेळलं नाही, वाचनालयातून पुस्तकं आणून आम्हा दोघींना शिकवलं. जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक मात्रा असते, अशी त्यांची श्रद्धा. रोग म्हशीला आणि इलाज पखालीला म्हणतात, तो इलाज त्यांनी ती तिसऱ्यांदा हरली त्याच रात्री जेवताना काढला.

"तिची जिंकायची सवय मोडलीये," बारकी उठून गेल्यावर बाबा मला म्हणाले. "सवय लावायची तर थोडं थोडं रोज द्यायचं. सकाळी, रिकाम्या पोटी."

"काय द्यायचं?"

"जिंकणं. तू द्यायचंस."

कारण सकाळच्या सरावात तिच्या समोर मी असते. दुसऱ्या दिवसापासून माझ्या बॅगेच्या बाजूच्या खिशात एक चिठ्ठी यायला लागली. पूर्वी ते चूर्णाची पुडी बांधायचे तशी घडी, आत फक्त आकडे. ६-३. कधी ६-४. एखाद्या दिवशी ७-५ आणि खाली 'दमवून'. मी वाचायचे, चिठ्ठी फाडायचे आणि हुकमाप्रमाणे हरायचे.

आईला हे दुसऱ्याच आठवड्यात कळलं. ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "एकीला जिंकता येत नाही, दुसरीला हरायला लावता. घर आहे की नाटक कंपनी?" बाबा म्हणाले, "तू पडदे शिव." आईने शिवले.

मी हरण्यात तरबेज झाले. चेंडू रेषेच्या बाहेर फूटभर मारला तर शंका येते, दोन इंच मारला तर हळहळ वाटते, हे मला समजलं. सर्व्ह नेटमध्ये घालून आपल्यावरच चिडायचं, हेही जमलं. तीन गेम मात्र मी मन लावून घ्यायचे, कारण चिठ्ठीत ते माझ्या नावावर लिहिलेले असत. त्या तीन गेममध्ये मी तिला पळवायचे. ते माझे स्वतःचे होते, आणि दिवसभर मी त्यांच्यावर जगायचे. जगज्जेतीचे तीन गेम, हवे तेव्हा काढून घेतलेले. ठरवलं असतं तर सहा घेतले असते, असं मनाशी म्हणत मी तिचे घामट टॉवेल धुवायला टाकायचे.

हे मनाशी म्हणायला मला आधार होता. मी सोळा वर्षांची असताना आणि बारकी अकराची असताना बाबांनी एका सकाळी माझ्या बॅगेतली चांगली रॅकेट काढली आणि तिच्या बॅगेत ठेवली. दोघींना पुरेल एवढी ऐपत नव्हती, एवढंच कारण त्यांनी सांगितलं. पुढे पाहुण्यांसमोर त्याची गोष्ट झाली. 'ताईने बारकीसाठी खेळ सोडला.' पाहुणे माझ्याकडे डोळे ओलावून बघायचे. मी खाली मान घालून चहाचे कप उचलायचे आणि स्वयंपाकघरात गेल्यावर उरलेली बिस्किटं खायचे. सात वर्षं ती गोष्ट मी डोक्याखाली उशी घेऊन झोपावं तशी वापरली. कुणी खोडून काढली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण तेविसाव्या वर्षी मला त्या घरातून जायचं होतं, आणि तेही खरं होतं. एका दूरच्या गावातल्या शाळेत खेळाच्या शिक्षिकेची जागा होती. मी मुलाखतीला जाऊन आले होते. व्यायामशाळेच्या मागे शिक्षिकेसाठी एक खोली होती. एक लोखंडी पलंग, हात धुवायचं बेसिन, दाराला एक हूक. त्या हुकावर फक्त माझा टॉवेल लागला असता. परतीच्या प्रवासात मी त्या हुकाचाच विचार करत होते.

"जा की," बाबा म्हणाले होते. "मी कुठे अडवतोय? फक्त तिला एक मॅच जिंकू दे. आत्ता तू गेलीस तर ती खचेल. एक मॅच जिंकली की दुसऱ्या दिवशी तुझी बॅग मी स्वतः उचलून देतो."

मुख्याध्यापिका बाई भल्या होत्या. त्यांनी एक सत्र जागा रिकामी ठेवली. त्या सत्रात बारकी आठ वेळा पहिल्या फेरीत हरली.

अकराव्या मॅचला मी प्रेक्षकांत होते. तिसऱ्या सेटमध्ये बारकी पाच-दोन पुढे होती. एक गेम, फक्त एक. मी मनातल्या मनात कपड्यांची यादी करायला लागले होते. तिथून ती सात-पाच हरली. पाच-दोनला तिने इतके सोपे चेंडू टाकले की समोरच्या मुलीने आधी हे आपल्यालाच का म्हणून मागे वळून बघितलं, मग मारले. खोटं कशाला बोलू, शेवटचा चेंडू नेटमध्ये गेला तेव्हा मला आधी बरं वाटलं. पोटात ऊबदार काहीतरी पसरलं. माझी नोकरी त्याच चेंडूबरोबर नेटमध्ये अडकली होती, हे मला नंतर आठवलं. आधी बरं वाटलं.

मग ती मायक्रोफोनसमोर बसली, केस ओले, नाक लाल. काय झालं, असं त्यांनी विचारलं. "ती माझ्यापेक्षा चांगली खेळली," बारकी म्हणाली. दर वेळी हेच वाक्य. पाच-दोनचं काय, असं कुणीतरी खोदून विचारलं. "तिथूनही ती चांगली खेळली." मी शेवटच्या रांगेत बसून ओठ न हलवता तिच्याबरोबर ते वाक्य म्हटलं. घरी मी तिची नक्कल करून दाखवायचे. आईला हसू यायचं.

गुरुवारी मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. "सोमवारी सकाळी आठला हजर व्हा," त्या म्हणाल्या. "नसेल जमत तर तसं सांगा. माझ्याकडे दुसरी उमेदवार आहे आणि मुलं रोज मैदानात मोकाट सुटतात."

मी बाबांकडे गेले. ते टेबलावर नव्या स्पर्धेचा कागद उघडून बसले होते. ती तीन आठवड्यांनी होती.

"तीन आठवडे थांब म्हणावं त्यांना," बाबा म्हणाले.

"त्या थांबणार नाहीत."

"मग दुसरी शाळा बघू. शाळा काय, पैशाला पासरी आहेत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "डोस कमी पडतोय, एवढंच. वाढवू."

शनिवारी सकाळी चिठ्ठीत ६-१ लिहिलं होतं.

क्लबच्या मागच्या कोर्टावर आम्ही दोघीच होतो. बारकी बाकावर बसून रॅकेटच्या मुठीला नवी पट्टी गुंडाळत होती. मी चिठ्ठी हातात धरून तिच्यासमोर उभी राहिले. ठरवलं होतं की सांगून टाकायचं. सोमवार हातचा जाणार होता, तर निदान तिच्या तोंडचं पाणी पळालेलं बघून जावा. यात प्रेम नव्हतं, काळजी नव्हती. मला तिला दुखवायचं होतं, आणि हातात साधन होतं.

"बारकी, गेले कितीतरी महिने तू रोज सकाळी माझ्याशी जिंकतेस ना, ते मी तुला देते," मी म्हणाले. "बाबा स्कोअर लिहून देतात. मी तेवढं हरते." आणि चिठ्ठी तिच्या मांडीवर टाकली.

तिने ती उघडलीही नाही. पट्टी दाताने तोडली आणि टोक अंगठ्याने दाबून चिकटवलं.

"आज सहा-एक आहे," ती म्हणाली. "मला पण वाचून कसंतरीच झालं. सहा-एक म्हणजे फारच."

मला बसावंसं वाटलं, पण बाकावर तिची बॅग होती.

"तुला कधीपासून माहितीये?"

"दुसऱ्या दिवसापासून. माझी पट्टी तुझ्याच बाजूच्या खिशात असते ना. बाबांना दुसरा खिसा सुचला नाही. मी रोज तुझ्या आधी वाचते आणि परत घडी घालून ठेवते."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलू? बाबा जेवताना बोलायला लागले होते. मी तिसऱ्यांदा हरले तेव्हापासून गप्प गप्प असायचे." तिने माझ्याकडे बघितलं. "आणि तुलाही बरं वाटत होतं."

"मला? हरायला?"

"द्यायला."

मी म्हणाले, "म्हणजे तू मुद्दाम दिलेले गेम घेत होतीस. लाज नाही वाटली?"

"तू सहा देत होतीस, ते घ्यायला काही लागत नव्हतं," बारकी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती कामाचं बोलावं तसं बोलत होती. "तीनचा त्रास होता. चिठ्ठीत सहा-तीन असलं की तुझे तीन मला काढून द्यावे लागायचे. ते अवघड होतं, ताई. तू मुद्दाम चुकताना इतकी घाई करायचीस की मला नेमकं कुठे सोडायचं ते कळायचं नाही. मग मी दोन डबल फॉल्ट टाकायचे आणि एखादा चेंडू तुझ्या फोरहँडला हळू द्यायचे. तू तो मारला की मूठ आवळायचीस. मला छान वाटायचं ते बघून."

मूठ आवळायची सवय मला होती, आणि ती कुणाला दिसत नसेल असं मी धरून चालले होते.

"वाईट एवढंच झालं," ती म्हणाली, "की आता पाच-दोन झालं की माझा हात सैल पडतो. तिथून एक गेम तुला द्यायचा असतो ना, रोज. त्या दिवशी पण पडला. डोकं म्हणत होतं मार आणि हात म्हणत होता एक दे. दिला. मग ती मुलगी शुद्धीवर आली."

म्हणजे पहिल्या तीन मॅच ती बॅकहँडमुळे हरली होती आणि पुढच्या आठ आमच्या औषधाने. बाबा मात्रा वाढवत होते. मी निष्ठेने पाजत होते. ती आमचं मन मोडू नये म्हणून गिळत होती. हे ऐकून माणसाला दुःख व्हायला हवं. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घुमत होती, की माझे तीन गेम.

"खोटं बोलतेस," मी म्हणाले. "अकरा मॅच हरलीस म्हणून आता माझे तीन पण तुला हवेत."

तिने जरा विचार केला. मग उठली. "एक सेट खरा खेळू," ती म्हणाली. "मी जिंकले तर बाबांना सांगू की मी एक मॅच जिंकले. तू सोमवारी जा."

"आणि मी जिंकले तर?"

बारकी थांबली. तिने प्रामाणिकपणे त्यावर विचार केला, तेच मला सहन झालं नाही. "तर बघू," ती म्हणाली.

नाणं तिने उडवलं. सर्व्ह तिची आली. पहिली सर्व्ह माझ्या बाजूने गेली तेव्हा मी रॅकेट मागे नेत होते. दुसरी मी बघितली. तिसरीला रॅकेट लागली आणि चेंडू शेजारच्या कोर्टावर गेला. त्या मुलीशी मी रोज सकाळी दोन तास खेळत होते आणि ही सर्व्ह मी समोरून कधी पाहिली नव्हती. पहिला गेम कधी संपला ते मला कळलं नाही. ती बाजू बदलायला आली म्हणून कळलं.

उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती. चेंडू जुने होते. माझ्या रॅकेटच्या तारा ढिल्या पडल्या होत्या. नाचता येईना अंगण वाकडं, हे मला तेव्हाही आठवत होतं, पण अंगण खरंच वाकडं वाटत होतं त्याला मी काय करणार? दोन-शून्य. तीन-शून्य. मी सगळं केलं. बॅकहँडला उंच चेंडू टाकले, साऱ्या जगाने टाकले तसे. ती दोन पावलं मागे गेली आणि तिथूनही माझ्यापुढे दहा पावलं होती. जगातल्या मुली तिला हरवत होत्या तो चेंडू वेगळा असणार, माझ्या हाताला तो येतच नव्हता.

चौथा गेम माझ्या सर्व्हचा होता. त्यात मी चाळीस-पंधरा झाले. कसं ते विचारू नका. एक चेंडू नेटला लागून तिच्या बाजूला पडला, एक तिचा इंचभर बाहेर गेला. गेमसाठी दोन संधी. पहिल्या संधीला मी आयुष्यातला सर्वांत चांगला फोरहँड मारला. खांद्यापासून मारला, कोपऱ्यात, रेषेवर. मूठ आवळायला घेतली. बारकी पळत आली, पळणंही फारसं नाही, आणि चेंडू माझ्या उजव्या बाजूने असा परत गेला की मी वळून तो भिंतीला लागताना बघितला. दुसऱ्या संधीला मी डबल फॉल्ट केला. तो मुद्दाम केलेला नव्हता.

तेव्हा मी नेटपलीकडे तिच्याकडे बघितलं. आणि माझ्या मनात आलं, दे ना एक. रोज देतेस, आज एक दे. तोंडाने म्हणाले नाही एवढंच. तिला ते दिसलं, मला खात्री आहे, कारण सर्व्ह घ्यायला वाकताना तिने डोळे खाली वळवले. तिने दिला नाही.

चार-शून्यला बाबा चहाचा थर्मास घेऊन जाळीबाहेर येऊन उभे राहिले. लांबून त्यांना स्कोअर दिसत होता, आम्ही आकड्यांच्या पाट्या उलटायचो त्यावर. ते खूश नव्हते. बारकीची पाठ त्यांच्याकडे असताना त्यांनी हळूच एक बोट वर केलं. मग पुन्हा केलं, भुवया उंचावून. चिठ्ठीत सहा-एक लिहिलं होतं. एक घे, असं ते मला सांगत होते, शोभेपुरता एक घे.

मी पळत होते. गुडघा खरचटला होता, तोंडात घशापर्यंत कोरड होती, आणि जाळीपलीकडून माझे वडील मला एक गेम घ्यायची परवानगी देत होते. पाच-शून्य. बाबांनी बोट पुन्हा दाखवलं, या वेळी रागाने.

पाच-शून्यला सर्व्ह माझी होती. बारकी ती घ्यायला उभी राहिली आणि जरा घुटमळली. रॅकेट हातात दोनदा जास्त फिरवली. तिचा हात मी ओळखते. तो सैल पडत होता. मी श्वास धरला. मग तिने मान झटकली आणि माझ्या चारही सर्व्ह परत मारल्या. मला त्यातल्या दोन लागल्या, आत एकही गेली नाही. सहा-शून्य. बावीस मिनिटं झाली होती.

ती नेटजवळ आली. रडत नव्हती, हसत नव्हती, पण तिचा चेहरा वर्षभरात पाहिला नव्हता असा झाला होता. अंग मोकळं झाल्यासारखी ती उभी होती. बाबा फाटक उघडून आत आले आणि सरळ माझ्याकडे आले.

"शून्य कशाला?" ते कुजबुजले. "एक लिहिलं होतं. जास्त झालं की तिला संशय येईल, इतकं कळत नाही?"

"बाबा, मला चिठ्ठ्या माहीत आहेत," बारकी म्हणाली. "पहिल्यापासून."

बाबांनी थर्मास बाकावर ठेवला. झाकण नीट बसलं नव्हतं, चहा फळीवरून खाली गळायला लागला. कुणी तो सरळ केला नाही.

"आज आम्ही खरं खेळलो," ती म्हणाली. "चिठ्ठी नाही, काही नाही. मी जिंकले. तुम्ही म्हणाला होतात, एक मॅच. ताईला सोमवारी जाऊ द्या."

"ही कसली मॅच?" बाबा म्हणाले, पण त्यांचा आवाज बदलला होता. औषध लागू पडलंय का हे विचारताना दुकानात त्यांचा असाच आवाज यायचा. "रोजच तर खेळता."

"तिने जीव तोडून खेळला सेट. मला माहितीये. पाच-शून्यला माझा हात सैल पडत होता आणि मी नाही पडू दिला. बाबा, नाही पडू दिला मी. विचारा तिला."

बाबा माझ्याकडे वळले. "तू खरं खेळलीस?"

सगळं त्या एका शब्दावर आलं होतं आणि मला ते स्पष्ट दिसत होतं. 'हो' म्हटलं की सोमवार माझा होता. पलंग, बेसिन, दाराचा हूक. 'हो' म्हटलं की बारकीला वर्षभरात पहिल्यांदा खरं काहीतरी मिळणार होतं. आणि 'हो' म्हटलं की सात वर्षांपूर्वी बाबांनी रॅकेट काढून घेतली ती बरोबर घेतली होती, मी कुणासाठी काही सोडलं नव्हतं, सोडण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, आणि पाहुण्यांनी ओलावून बघितलं ते फुकट बघितलं. तिघं उभे होतो. बाबा खरंच उत्तराची वाट बघत होते. बारकी तर बघतच नव्हती; तिला उत्तर माहीत होतं.

"नाही," मी म्हणाले. "दिला मी तिला. नेहमीसारखा."

बाबांनी सुस्कारा सोडला. "तरी म्हटलं," ते म्हणाले. "मग थांब तू अजून. शाळेला कळवून टाक." ते बाकाकडे गेले आणि थर्मास उचलून आत किती चहा उरलाय ते बघायला लागले.

बारकीच्या चेहऱ्यावरचं ते मोकळेपण गेलं. जाताना मी ते बघितलं, आणि या वेळी पोटात ऊब आली नाही. ती भांडेल असं मला वाटलं. भांडावं असंही वाटलं. तिने मला खोटारडी म्हटलं असतं तर मी तिला चार शब्द सुनावले असते आणि दोघी सुटलो असतो. अकरा मॅच ती जगासमोर हरली होती. अकरा वेळा मायक्रोफोनसमोर बसून म्हणाली होती, ती माझ्यापेक्षा चांगली खेळली. मी रिकाम्या कोर्टावर एक सेट हरले होते, बघायला घरातलीच दोन माणसं, आणि मला ते वाक्य म्हणता आलं नव्हतं.

ती माझ्याजवळ आली. माझ्या गुडघ्यावरची माती तिने आपल्या टॉवेलने टिपली.

"पहिल्या वेळी असंच होतं, ताई," ती हळू आवाजात म्हणाली, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून. "मी पण पहिल्यांदा हरले तेव्हा घरी तुम्हाला सांगितलं होतं ना, मनगट दुखत होतं. ठणठणीत होतं मनगट."

मग ती चेंडूंची टोपली घेऊन पलीकडच्या टोकाला गेली आणि रिकाम्या कोर्टात एकटीच सर्व्ह मारायला लागली, एकामागून एक, सगळ्या तशाच, मला न दिसणाऱ्या. चेंडू जाळीला आपटून इकडे तिकडे पसरत होते. थोडा वेळ मी बघत उभी राहिले. मग वाकून ते गोळा करायला लागले. मला ते कुणी सांगितलं नव्हतं.